सात नंबरला ताप आहे

मित्रांनो, दवाखान्याच्या अडगळीच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली लोखंडी खाट कधी दिसली, तर ती मी असेन. माझा पांढरा रंग पोपडे धरून उडाला आहे आणि एक पाय वाकला आहे. पण एके काळी मी वॉर्डातला सात नंबर होते.

वेल्डरने नळ्या जोडून मला उभे केले, रंगाऱ्याने पायथ्याशी आकडा काढला आणि मला खिडकीजवळची जागा मिळाली. पहिल्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "सात नंबरला ताप आहे." मी चकित झाले. मी तर थंडगार लोखंड! पुढे उमगले, ताप माझ्यावरच्या माणसाला होता. माणसे असेच बोलतात. वर्ग हसला म्हणतात तेव्हा भिंती हसत नाहीत. किटली उकळली म्हणतात तेव्हा उकळतो तो चहा. ऐकणाऱ्याला बरोबर कळते आणि काम झटपट होते. अशा रीतीने मी वर्षानुवर्षे घोरले, रुसले, औषध थुंकले आणि बरी होऊन घरीही गेले. तेही जागचे न हलता. मला त्याचा अभिमानच वाटे.

एका सकाळी माझ्यावर शिंपीकाका होते. त्यांच्या पोटाचे ऑपरेशन होते, म्हणून सात नंबरला उपाशी ठेवायचे होते. शेजारी आठ नंबरवर एक ड्रायव्हर होता. त्याला साखरेचा आजार. इंजेक्शन दिले की त्याला लगेच खायला द्यावे लागे. ते इंजेक्शन देऊन सिस्टर पलीकडच्या वॉर्डात गेल्या आणि ड्रायव्हरला कोंडल्यासारखे वाटू लागले. काकांनी आपणहून त्याला खिडकी दिली. दोघांनी खाटा बदलल्या. कुणाला सांगावे, हे त्यांच्या मनातही आले नाही.

मावशी नाश्त्याची गाडी घेऊन आल्या. त्यांनी मला वगळले आणि आठ नंबरपुढे ताटली ठेवली. काका म्हणाले, मला आज खायचे नाही. मावशींनी त्यांनाच दटावले, की उपाशी राहायचेय ते सात नंबरने, तुम्ही लाडात येऊ नका. ड्रायव्हरने हात पुढे केला, तर सात नंबरला आज काही नाही म्हणून त्या पुढे निघाल्या.

थोड्याच वेळात त्याच्या अंगाची थरथर माझ्या नळ्यांत उतरली. चादर घामाने भिजली, त्याची जीभ अडखळू लागली. मला सगळे कळत होते. बोलायला तोंड नव्हते. काका पोट धरून उठले आणि मावशींचा हात धरून म्हणाले, "मावशी, सात नंबर मी आहे. हा आठ आहे. इंजेक्शन झालंय याचं, आधी साखरेचं पाणी द्या."

मावशींनी पाणी पाजले, सिस्टर धावत आल्या आणि ड्रायव्हर सावरला. ऑपरेशनला निघताना काका त्याला म्हणाले, "ड्रायव्हर ना तू? मग वळताना हात नाही दाखवायचा?"

त्या दिवसापासून सिस्टर प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून आधी त्याचे नाव विचारू लागल्या. मावशीही.

आता चाकांची नवी खाट सात नंबर झाली आहे. तिला हेवा वाटावा असे माझ्याकडे काही नाही, आणि मलाही तिचा हेवा वाटत नाही. मित्रांनो, नंबराने जरूर बोला. फक्त ताटली देताना किंवा नाकारताना खाटेवर कोण आहे, ते एकदा पाहा. मला उपाशी ठेवलेत तरी चालेल. मी लोखंडाची आहे.