न जाळलेला काठ

वसंतात इस्फाराच्या खोऱ्यातलं सगळं गाव पाट साफ करायला जमतं आणि काठावरचं वाळलेलं गवत जाळतं. यंदा सनोबरने आपल्या बागेलगतचा काठ जाळू दिला नव्हता.

"ढालकिडे हिवाळाभर त्या गवतात झोपतात, आका," ती पाटकरी तुर्दीबॉयना म्हणाली होती. "जागे झाले की जर्दाळूवरचा मावा तेच खातील."

"खाल्ला नाही, तर काडी मीच लावीन बरं का, पोरी!"

आणि आता मावा आला होता. कोवळी पानं चिकट होऊन मुडपली होती. सनोबर सकाळपासून बाग आणि काठ अशा येरझारा घालत होती. काळ्या ठिपक्यांचे लाल ढालकिडे दिसत होते, पण अगदी तुरळक. चुलीवरचा चहा उकळून आटला, तरी तिचं लक्ष नव्हतं.

धाकटा दीर फैझुल्लो पाठीवर फवाऱ्याची टाकी अडकवून आला. मागून आका हातात काडेपेटी घेऊन काठाकडे वळत होते.

"वहिनी, पाहुणे जेवायला आलेच नाहीत वाटतं!" त्याने एक पान उलटलं आणि ओरडला, "अगं, हे काय? नवीनच कीड! काळी, काटेरी. तुझ्या गवतातूनच आली ही!" त्याने ती अंगठ्याने चिरडली.

सनोबर फांदीजवळ धावली. खरंच आपणच आणली की काय? तिने दुसरं पान उलटलं. तिथेही तसलीच एक अळी होती. तिने चिरडायला बोट उचललं आणि ते तिथेच थांबलं. अळीने माव्याचा एक किडा तोंडात धरला होता. तो संपला, तशी ती दुसऱ्याकडे सरकली. शेजारी पिवळ्या अंड्यांचा पुंजका होता. त्यालगत ढालकिड्याची लाल मादी बसली होती.

"थांब, फैझुल्लो! ही ढालकिड्यांचीच पिल्लं आहेत. तू आत्ता आपलाच राखणदार मारलास."

आका काठावरून माघारी आले. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पान डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. मग काडेपेटी पुन्हा खिशात घातली.

"शुक्रवारपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "फवारा खाली ठेव रे, माठ्या. आणि पोरी, चहा नवा टाक."

सनोबर चुलीकडे निघाली. पण वाटेत पुन्हा वळून आणखी एक पान उलटून आलीच.