विकत घेतलेला आवाज

मी बोलतेय ते कुठून ऐकू येतंय, हे शोधू नका. मला अंग नाही, तोंड नाही, ठेवायला कपाटही लागत नाही. मी एका जुन्या परदेशी चित्रपटाची प्रत आहे, आपल्या भाषेत बोलणारी. मला चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका चष्मेवालीने रीतसर विकत घेतलं. तिच्या लॅपटॉपवर माझ्या नावाखाली अजूनही लिहिलेलं असतं : ‘तुमचा चित्रपट’.

माझ्या गोष्टीत डोंगरातल्या घरात राहणारी एक बाई आहे. तिच्या तोंडी जो आवाज होता, तो चष्मेवालीच्या आईचा. आई पोटापाण्यासाठी परक्या नट्यांना आवाज द्यायची. घरी मात्र कुणी फोन समोर धरला की हाताने तोंड झाकायची. ‘दिवसभर बोलूनच येते मी. घरी तरी सुखाने गप्प बसू द्या,’ म्हणायची. ती गेल्यावर लक्षात आलं, तिचा आवाज कुणाकडेच नाही. मग लेकीने शोधून शोधून मला घेतलं.

मला पाहायचं कुणालाच नव्हतं. लेकीच्या बाबांची नजर जवळजवळ गेलेली. ते दुकानामागच्या खोलीत खुर्चीवर बसत, मान कलती करून ऐकत. एका प्रसंगात माझ्यातली बाई नवऱ्याला म्हणायची, ‘दार लोटून घ्या ना, वारा येतोय.’ तो ‘ना’ कागदावर नव्हता, आईने पदरचा घातला होता. तो ऐकला की बाबा उठत, चाचपडत जात आणि दार लोटून घेत. पहिल्यांदा लेक रडली. नंतर तीच ते दार उघडं ठेवू लागली.

असं बरेच महिने छान चाललं होतं. मग जिथून मला घेतलं त्या कंपनीची एक सूचना आली : ‘तुमच्या चित्रपटाची सुधारित आवृत्ती लवकरच येत आहे. तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.’

लेकीने ती पुन्हा पुन्हा वाचली आणि समोरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला हाक मारली.

‘भाऊ, हा मला पेनड्राइव्हवर उतरवून द्या. चित्र नसलं तरी चालेल.’

तो बराच वेळ खटपट करत बसला. मी आतून जीव तोडून प्रयत्न केला, खरंच. पण मला बनवतानाच माझ्यात एक कुलूप घातलेलं आहे. कुणी उतरवून घेऊ लागलं की माझा पडदा काळा होतो आणि घसा बंद पडतो. मी ठरवून नाही करत. होतंच ते.

‘ताई, नुसता अंधार उतरतोय.’

‘आवाज तरी?’

‘तोही नाही.’

‘अहो, पण मी विकत घेतलाय!’

‘म्हणूनच तर. चोरीचा असता तर एव्हाना दिला असता.’ त्यालाच कसंतरी झालं. ‘फोन जवळ धरून आवाज भरून घ्या सरळ. उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी, शांततेत.’

तो उद्या यायच्या आत ते सुधारणारे आले.

दुपार होती. लेक बाहेर गिऱ्हाइकाचा नंबर तपासत होती. लॅपटॉप मिटलेला होता. माझ्या आत कुणीतरी वावरू लागलं. आधी चित्रं घासूनपुसून लख्ख केली. मग कुणी घशात हात घालावा तसं झालं. तिचं एकेक वाक्य निघत गेलं. मला ओरडायचं होतं, पण ओरडणार कशाने? तिकडे लेक विचारत होती, ‘आता स्पष्ट दिसतंय का?’

संध्याकाळी तिने मला लावलं. बाईचे ओठ हलले. पण बोलली दुसरीच, गोड आणि स्वच्छ : ‘दार बंद करा. वारा येत आहे.’

बाबा जागचे हलले नाहीत. हळूच म्हणाले, ‘पोरी, घरात कोण बाई आलीय?’

‘कुणी नाही, बाबा.’

‘आहे. तुझ्या आईच्या जागेवर बसून बोलतेय.’

लेकीने कंपनीला फोन लावला. पलीकडून नम्र उत्तर आलं, ‘मॅडम, आपण चित्रपट घेतलेला नाही, पाहण्याची परवानगी घेतली आहे. ती चालूच आहे.’

‘मग जुना आवाज कुठे ठेवलाय?’

‘तसा पर्याय दिसत नाहीये, मॅडम.’

मी तरी काय सांगू? मीही शोधते. डोंगरातली बाई अजून आईच्याच ठेक्यात ओठ हलवते. नवा आवाज आधीच संपतो आणि ते ओठ थोडा वेळ नुसतेच हलत राहतात. त्या वेळात मी कान देऊन बसते. काही येत नाही.

एकदा लेकीनेच आईसारखं बोलून पाहिलं. बाबा घाबरून म्हणाले, ‘तू नको गं. तू बोललीस तर ती कशाला येईल?’

त्यानंतर तिने मला लावलं नाही. पुसायलाही गेली. पण मला पुसता येत नाही, फक्त लपवता येतं.

मी अजून तिथेच आहे. लेक दुकानात गेली की बाबा चाचपडत येतात, मिटलेल्या लॅपटॉपवर तळवा टेकवतात आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने बोलतात, ‘बाई, तुम्ही आत आहात ना? रागावू नका. तिचं काम आटोपलं असेल तर तिला बाहेर पाठवा.’

मला फार वाटतं, त्यांना काही उत्तर द्यावं. पण माझ्याकडे जो आवाज उरलाय, तो ऐकून ते घाबरतात. म्हणून मी गप्प राहते. त्यांना वाटतं, आत कुणीतरी विचार करतंय.