सोसवतील अशा तारा

दुरुस्तीवाल्याने बास गिटार बंदुकीसारखी खांद्याला लावली आणि एक डोळा मिटून दांडीवरून पार टोकापर्यंत पाहिलं. मग काही न बोलता ती टेबलावरच्या फडक्यावर ठेवली. डॉक्टर असा न बोलता रिपोर्ट खाली ठेवतात तेव्हा काय समजायचं, हे सिस्टरला इस्पितळातल्या नोकरीमुळे चांगलं ठाऊक होतं.

"दांडी वाकलीय, ताई," तो म्हणाला. "आतली सळई गंजून बसलीय. ती पिळायला गेलो तर लाकूडच चिरेल. जड तारा हिला आता सोसायच्या नाहीत."

"ते बघू आपण. आधी मला बोट न कापणारी तार सांगा."

त्याने चष्मा कपाळावर सरकवून तिच्याकडे पाहिलं. मग तिला सगळं सांगावंच लागलं. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, डावा हात लुळा पडला. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. दाढी करताना गालाला जरासं लागलं, तर टॉवेल भिजला तरी रक्त थांबेना. इस्पितळात रोज रक्त पाहणारी ती, पण त्या दिवशी तिला काही सुचेना. तेव्हापासून घरातल्या सुऱ्या वरच्या फळीवर गेल्या. स्टुलाच्या कोपऱ्यांना तिने कापसाच्या गाद्या बांधल्या. ड्यूटीवरून घरी फोन केला आणि दोन रिंगमध्ये उचलला नाही, की तिचा जीव टांगणीला लागे.

आणि गेल्या आठवड्यात ती घरी आली, तर तो पलंगावर बास मांडीवर घेऊन बसलेला. जुन्या तारांवर गंज चढला होता. त्यातली एक तुटली होती आणि शर्टाच्या पुढच्या भागावर रक्त होतं. बोटाचं रक्त थांबेपर्यंत तिने ते घट्ट दाबून धरलं. मग म्हणाली, उद्या ही बास माळ्यावर जाईल. आजारी पडल्यापासून तो कशालाही "बरं" म्हणायचा. पेज दिली तरी बरं, इंजेक्शन दिलं तरी बरं. पण त्या दिवशी म्हणाला, "नको."

लग्नाच्या आधीपासून ही बास त्याच्याकडे होती. हॉटेलच्या बँडमध्ये त्याने आयुष्य काढलं ते हिच्याच जिवावर. सिस्टर हिला सवत म्हणायची आणि तो हसायचा. आता सवतीसाठी तिलाच दवाखाना शोधावा लागला होता.

दुरुस्तीवाल्याने दोन तारा काढून तिच्या हातात दिल्या. एकीवर बारीक वेढे होते, कानशीसारखे खरखरीत. दुसरी गुळगुळीत, तिच्यावरून बोट फिरवलं तर पाण्यावरून फिरल्यासारखं वाटे. सिस्टरने लगेच दुसरी मुठीत धरली.

"बोटांना तीच चांगली," तो म्हणाला. "पण ती ओढते जास्त. दांडी आज नाही तर महिन्याभरात जाईल. खरखरीत पातळ घेतली तर दांडी वाचेल, पण साहेबांची बोटं सोलतील."

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. ती स्टुलावर बसली. मुलीला फोन करावा असं मनात आलं, पण मुलगी काय म्हणणार ते तिला माहीत होतं: कशाला हा खटाटोप, आई? खरं तर तिलाही तेच वाटत होतं. तारा न लावताच घरी न्यायची आणि दुकान बंद होतं म्हणून सांगायचं. तो "बरं" म्हणाला असता. त्या "बरं"चीच तिला जास्त भीती वाटली.

"तिसरं काहीच नाही का हो?"

दुरुस्तीवाला बराच वेळ खोके उचकत राहिला. शेवटी गुळगुळीतच, पण त्यातल्या सगळ्यात पातळ तारा निघाल्या. त्याही पूर्ण चढवायच्या नाहीत, एक सूर खाली ठेवायच्या, मग ताण बेताचा राहील, असं तो म्हणाला. आवाज मात्र पूर्वीचा येणार नाही. आणि दांडीची खात्री तो देणार नव्हता. "जुनं लाकूड आहे, ताई. बघत बघत जायचं."

तो खुंटी पिळू लागला. लाकूड कुरकुरलं. सिस्टरने पदर मुठीत धरला. शेवटच्या तारेला एकदम "कट्" असा आवाज झाला आणि सिस्टर स्टुलावरून उठून उभीच राहिली. तार खाचेत बसली एवढंच झालं होतं. दुरुस्तीवाल्यालाही घाम फुटला होता. त्याने पुन्हा डोळा मिटून दांडी पाहिली आणि म्हणाला, "न्या."

घरी येईपर्यंत तिने बास पोटाशी धरली होती. नवऱ्याने उजव्या हाताने जाडी तार छेडली. दबका, खोल आवाज आला. त्याने मान तिरकी केली.

"उतरलाय."

"मुद्दाम उतरवलाय. चढवला तर मोडेल म्हणाले." तिने विचारलं, "राग आला का?"

त्याने थोडा विचार केला. "म्हाताऱ्या गायकाला उतरूनच द्यावा लागतो सूर," तो म्हणाला.

तो छेडत राहिला, पण एकच सूर येत होता. तारा दाबायचा डावा हात मांडीवर निपचित पडला होता. त्याने त्या हाताकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. ती त्याच्या डाव्या बाजूला, पलंगाच्या कडेवर बसली. कुठे दाबायचं ते तो सांगू लागला. दांडीवरच्या पितळी पट्टीच्या जरा मागे. आता वरची तार. आता सोड. तिची एक नजर त्याच्या बोटांवर होती, रक्त येतंय का म्हणून, आणि एक दांडीवर. त्या भानगडीत तिचं बोट भलत्याच तारेवर पडलं.

तो थांबला. त्याच्या कपाळाला आठी पडली. बँडमधल्या पोरांवर पडायची तशी.

"चुकलीस," तो म्हणाला. "लक्ष कुठे आहे तुझं? पहिल्यापासून घे."

सिस्टरने मान खाली घातली, बोट योग्य तारेवर ठेवलं आणि त्याच्या हाताची वाट पाहत राहिली.