झोपवलेला कॉम्प्युटर

"उघडत नाही, अप्पा," संस्कृती पुन्हा म्हणाली.

सोमशेखरला घाम फुटला. चादरींचे सगळे नमुने त्या कॉम्प्युटरमध्ये होते आणि कारखान्यात विणकर बसलिंगप्पा नमुन्याची वाट बघत माग रिकामे ठेवून बसला होता. वर्षभर कापडाखाली झाकलेलं ते यंत्र लेकीने आज बाहेर काढलं. जुनी सिस्टीम रडतखडत चालायची, म्हणून त्याच यंत्रात तिच्या शेजारी तिने नवी टाकली. नवी पळते झकास, पण फायली काही हाती लागेनात. आगीतून फुफाट्यात!

"समदं पुसलंस काय गं?"

"न्हाय ओ, फायली हायत की. पण जुनी सिस्टीम बंद केलेलीच नाही, नुसती झोपवलीय. ती तशी आहे तोवर नवी तिकडं जाऊ देत नाही. कुणी झोपवली?"

कुणी म्हणजे काय! सिद्धेश्वरीने, संस्कृतीच्या अव्वाने. त्याची बायको विणकराच्या घरातली. मागावर अर्धी चादर असताना ताण्याचे उभे धागे कापायचे नाहीत, हे तिच्या अंगात भिनलेलं. कॉम्प्युटरवर नमुने काढू लागली तरी अर्धं काम उघडं ठेवूनच ती तो झोपवायची. दवाखान्यात निघाली तेव्हाही तेच केलं. "आल्यावर मधला मोर पुरा करते," म्हणाली. ती आलीच नाही.

संस्कृतीने जुनी सिस्टीम उठवून पाहिली. पडद्यावर सूचना आली, जागं करता येत नाही. अर्धवट राहिलेलं टाकून पुढे जायचं का?

"हो म्हटलं की सेव्ह केलेलं सगळं मिळेल," ती हळूच म्हणाली. "अव्वानं सेव्ह न केलेलं मात्र जाईल."

सोमशेखरच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर त्याला वाटत होतं, तो मोर आत आहे, कधीही उठवता येईल. आता आपल्याच हाताने त्याच्यावर माती लोटायची.

"दाबू, अप्पा?"

"न्हाय. मी दाबतो."

त्याने बटण दाबलं. थोड्या वेळाने फायली उघडल्या, सिद्धेश्वरीची शेवटचीही. काठ पुरा होता, देखणा होता. आत मोराचं एक पीससुद्धा नव्हतं. मोर काढणं सोमशेखरला काही जड नव्हतं, उभा जन्म त्यातच गेला होता. त्याने माउस हातात धरला, बराच वेळ धरला, आणि फाइल होती तशी पाठवून दिली.

लगेच बसलिंगप्पाचा फोन आला. "काठ लई झ्याक हाय की ओ! पण मधी काय घालायचं?"

"काय न्हाय," सोमशेखर म्हणाला. "मधी मोकळंच विणा."