उजवीकडे पळालेला आवाज

दोन बोटांचा आणि एका पायाचा जुना पोलादी नादकाटा म्हणजे मी, मित्रांनो. कारखान्यात मला घासून घासून सुरात आणलं आणि मी कानाच्या डॉक्टरबाईंकडे आलो. त्या मला स्वतःच्या कोपरावर आपटून वाजवत आणि पेशंटच्या कपाळावर टेकवत. पुढे ऐकू येणं मोजणारी यंत्रं आली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण यंत्रांचे ते नऊ दिवस काही संपेनात. मी खणात पडून राहिलो.

एकदा यंत्र बंद पडलं, तेव्हा माझी आठवण झाली. समोर शिवणकाम करणारी एक ताई आणि तिचा नवरा बसले होते. तिला डाव्या कानाने कमी ऐकू येई, तोल जाई. सासूबाईंनी तेल घालून पाहिलं, जाऊबाईंनी मळ काढून आणला, गुण नाही.

"माझं बोलणं सोडून सगळं ऐकू येतं हिला," नवरा म्हणाला.

डॉक्टरबाईंनी मला तिच्या कपाळावर मधोमध ठेवलं. "आवाज कुठे येतोय?"

"मधोमध," नवऱ्यानेच सांगून टाकलं.

"अहो, काटा तुमच्या कपाळावर नाहीये!"

"उजवीकडे," ताई चाचरत म्हणाली. "चुकलं का?"

"छे! पण नुसता मळ असता, तर आवाज डाव्या कानात गेला असता. हा चांगल्या कानाकडे पळाला. बिघाड आतल्या नसेत दिसतोय. एमआरआय करून घेऊ."

त्यात ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर गाठ दिसली. तशी दुर्मीळ, कर्करोगाची नव्हे. पण मोठी झालेली आणि चेहरा हलवणाऱ्या नसेला चिकटलेली.

"ऑपरेशनात कान गेला तर गेला," ताई म्हणाली, "पण तोंड वाकडं नको हो. टाचण्या ओठांत धरते मी. काम कसं करू?" ती रडू लागली. मलाही वाईट वाटलं.

सर्जननी गाठ काढली, पण चेहऱ्याच्या नसेला चिकटलेला तिचा पातळ पापुद्रा, नस दुखावू नये म्हणून, मुद्दाम तसाच ठेवला. आता दर वर्षी त्यावर नजर ठेवायची.

काही महिन्यांनी ताई आली. डावीकडचं हसू जरा उशिरा येत होतं, पण ओठ घट्ट मिटत होते. टाचण्या धरता येत होत्या.

"हा काटा डाव्या कानाशी धरा ना," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी मला कोपरावर आपटून धरलं. ती वाट पाहत राहिली. मग विचारलं, "वाजवलात का?"

नवरा उठला, खुर्ची उचलून तिच्या उजव्या हाताला येऊन बसला आणि म्हणाला, "वाजतोय गं."

मित्रांनो, कुणाचा एकच कान मंद झाला, तर थट्टा करू नका, वेळेवर तपासून घ्या. त्या दिवशी मी अगदी जीव तोडून वाजत होतो.