दोन कार्बुरेटर आणि एक कान

मी एक नळी बोलतेय. साधी प्लास्टिकची, करंगळीएवढी जाड. कधीकाळी मी काचेसारखी स्वच्छ होते, आता बिडी ओढणाऱ्याच्या दातांसारखी पिवळी पडलेय. नशिराबादला हायवेला लागून सरदार मिस्त्रींचं गॅरेज आहे, तिथं आतल्या भिंतीवर एका खिळ्याला मी टांगलेली असते. पोकळ आहे म्हणून मला कमी लेखू नका. मी पोकळ आहे, पण पोकळ बोलत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. शुद्ध आली तेव्हा मी जळगावच्या एका दुकानात भल्यामोठ्या वेटोळ्यात पडले होते. वना गवंड्यानं मला विकत घेतलं, पोटात पाणी भरलं आणि माझी दोन टोकं दोन भिंतींना धरली. दोन्हीकडचं पाणी स्थिरावलं की तो तिथं खूण करायचा. घरमालक हुज्जत घालायला लागला की वना म्हणायचा, पाण्याला कुणाची भीड नसते. तेव्हापासून मला खोडच लागली आहे. दोन गोष्टी शेजारी दिसल्या की त्या सारख्या आहेत का, हे मी आधी बघते. नवऱ्याच्या आणि बायकोच्या कपातला चहासुद्धा.

पुढं उन्हानं मी मधेच तडकले. वनानं खराब भाग कापून टाकला आणि उरलेल्यातला दोन हात लांबीचा तुकडा शेजारच्या सरदार मिस्त्रींना दिला. आता हा माणूस माझ्यातून पेट्रोल ओढणार, या धास्तीनं मी अर्धमेली झाले होते. पण मिस्त्रींनी माझं एक टोक हळूच कानाला लावलं.

ते कशासाठी, हे मला अभिमन आबांची गाडी आल्यावर कळलं. आबा धरणगावचे, कापसाचे व्यापारी. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा तो सुमार. गाडी तेव्हाच म्हातारी होती, विलायती, शाईच्या रंगाची, लांब नाकाची. साध्या गाडीला एक कार्बुरेटर असतो, हिला दोन होते, एक पुढं आणि एक मागं. कार्बुरेटरचं काम हवा आत घ्यायची, तिच्यात पेट्रोल मिसळायचं आणि ते इंजिनाला पाजायचं. दोघांनी सारखी हवा घेतली तर गाडी गुणी. एकानं जास्त घेतली की ती हिसके देते, काळा धूर सोडते आणि चढावर बसकण मारते. आबा म्हणायचे, "एक बैल वढस, दुसरा नुसता चालस."

मिस्त्री माझं एक टोक कानात धरायचे आणि दुसरं आधी पुढच्या कार्बुरेटरच्या तोंडाशी, मग मागच्या. आत जाणारी हवा सुसू करते. सुसू मोठी असेल तिथला स्क्रू थोडा सैल, बारीक असेल तिथला थोडा घट्ट. दोन्ही आवाज एकसारखे झाले की मधला दांडा आवळायचा, झालं. माझं जुनंच काम होतं ते, फक्त पाण्याऐवजी वारा. मला फार अभिमान वाटायचा.

पण ट्रकांच्या पोटाखाली आणि हातोड्यांच्या दणदणाटात मिस्त्रींचे कान गेले. आधी उजवा गेला, तेव्हा त्यांनी मला गुपचूप डाव्या कानाला लावलं. मग डावाही गेला. मी जिवाच्या आकांतानं सुसू करायचे आणि ते डोळे मिटून मान हलवायचे, जसं काही सगळं समजलं. कुणालाही त्यांनी कळू दिलं नाही. आबांची गाडी त्या हिवाळ्यात एरंडोलपर्यंत जाऊन दोनदा दोरीला बांधून परत आली.

आबा रागावले नाहीत, हेच वाईट झालं. ते म्हणाले, धुळ्याला एक गिऱ्हाईक गाडी मागतंय. एकदा शेवटचं ट्युनिंग करा. धुळ्याला जाऊन न थांबता परत आली तर राहील, नाहीतर तिथंच देऊन टाकतो. जाताना त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "सरदारभाऊ, गाडी मनी शे, पन कान तुमना शेतस."

गाडी आबांची, पण कान मिस्त्रींचे, असं ते म्हणत होते. मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही. त्यांनी नुसती मान हलवली. मागच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, सकीनाबींनी, मात्र ऐकलं.

बाईंना संशय होताच. मागं एकदा शेजारच्या स्टोव्हवर दूध उतू जात होतं आणि हा माणूस खुशाल वर्तमानपत्र वाचत होता. त्या संध्याकाळी त्यांनी समोर बसून, ओठ दिसतील असं आबांचं म्हणणं सांगितलं, मग सरळ विचारलं आणि मिस्त्रींनी कबूल केलं. ही गाडी गेली की गॅरेजला कुलूप लावीन, म्हणाले. एका गाडीसाठी नाही, पण जोडी कार्बुरेटर जमत नाही तो मिस्त्री कसला? बाई उठल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि पेटत्या स्टोव्हपासून थोडं दूर धरून कानाला लावलं. रॉकेल संपत आलंय की पिन मारायला झालंय, हे त्यांना एरवीही नुसत्या आवाजावरून कळायचं. त्यांना सुसू नवी नव्हती.

मिस्त्री हबकले. हायवेवरचं गॅरेज, दिवसभर माणसांची ये-जा. "लोग क्या बोलेंगे?"

बाईंनी तोंड त्यांच्यासमोर नेलं आणि एकेक शब्द सावकाश उच्चारला. "बोलने दो. तुमकू कहाँ सुनाई देता?"

मिस्त्री कितीतरी दिवसांनी हसले. मग घरातच ठरलं. बाई ऐकणार, मला खांद्यावर टाकणार आणि दोन्ही तळवे तराजूसारखे पुढं धरणार. उजवा हात म्हणजे पुढचा कार्बुरेटर. जो तळवा वर, तिथं हवा जास्त.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली. कार्बुरेटर रस्त्याच्या अंगाला होते, तिथं मिस्त्री वाकले. बाई पलीकडं, भिंतीच्या बाजूनं उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढून, रस्त्यावरून दिसू नये अशा. इंजिनावरून हात लांब करून त्यांनी मला धरलं. त्यांनी ऐकलं बरोबर, मी शपथेवर सांगते. पण तळवे जसे दाखवत गेल्या तशी गाडी जास्तच बिघडत गेली. शेवटी फट् असा बार झाला आणि इंजिन बंद पडलं. मिस्त्री पाना हातात घेऊन खाली बसले. मला रडू येत होतं, पण नळीला रडायची सोय नाही.

घोटाळा बाईंच्याच लक्षात आला. समोरासमोर उभं राहिल्यावर पुढचा कार्बुरेटर त्यांच्या डाव्या हाताला येत होता. त्या समोर दिसेल तसा हात उचलत होत्या, मिस्त्री घरी ठरल्याप्रमाणं वाचत होते. त्यांनी एकदा रस्त्याकडं पाहिलं. समोर चहाच्या टपरीवर चार माणसं बसली होती. बाईंनी पदर कमरेला खोचला, गाडीला वळसा घातला आणि नवऱ्याच्या शेजारी, त्याच्याच बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

आता दोघांचा उजवा एकच झाला. टपरीवरची माणसं बघत राहिली आणि मिस्त्री फक्त तळव्यांकडं बघत राहिले. एक तळवा वर, एक खाली. मग थोडा कमी वर. तेवढ्यात आबा गाडी न्यायला आले. बाई माझं टोक कानात धरून वाकल्या होत्या, त्यांना बघून आबा जागीच थबकले. मिस्त्रींचा चेहरा उतरला.

बाई सरळ उभ्या राहिल्या. "आबा, हात यासना शेतस, कान मना शेतस."

आबांनी एकदा मिस्त्रींकडं पाहिलं आणि मग त्यांना सगळं उमगलं. ते बाजूच्या टायरवर जाऊन बसले. "मंग थांबस मी. सावकाश करा."

दुसऱ्या दिवशी आबा धुळ्याला निघाले. दुपार कलल्यापासून मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभे होते. ट्रक जात होते, एस्ट्या जात होत्या, शाईच्या रंगाचं काही दिसत नव्हतं. बाई शेजारी उभ्या होत्या, मी त्यांच्या खांद्यावर. एकाएकी त्यांनी मान जळगावच्या दिशेला वळवली. रस्ता रिकामाच होता. त्यांनी मिस्त्रींच्या डोळ्यांसमोर दोन्ही तळवे धरले, एका उंचीवर, अगदी पाण्यासारखे. मिस्त्री त्या तळव्यांकडं बघून लहान मुलासारखे रडले, आणि गाडी वळणावर दिसली ती त्यानंतर.

त्याला बरीच वर्षं झाली. आबांची गाडी अजून येते. माझी टोकं कडक होऊन चिरतात, मग बाई विळीवर बोटभर कापून टाकतात. मी इतकी आखूड झालेय की ऐकताना त्यांचं डोकं मिस्त्रींच्या खांद्याला लागतं. टपरीवर आता कुणी बघत नाही.

एक दिवस मी कापण्याएवढीही उरणार नाही. तेव्हा मला खुशाल फेकून द्या, माझी तक्रार नाही. फक्त माझं एवढं ऐका. तुमच्या घरात कुणाला ऐकू येईनासं झालं, तर समोर उभं राहून हातवारे करू नका. वळसा घाला आणि त्याच्या बाजूला येऊन उभे राहा.