सहाव्या फेरीतली गल्ली

मंगळवारी सकाळी साडेनऊला मी कॅझुअरिनाच्या मॉलमध्ये केमिस्टच्या दुकानासमोर उभी राहिले, गुलाबी छत्री उंच धरली आणि म्हटलं, "चला, कॅथीड्रल झालं. आता ग्राबेन."

"कॅथीड्रल कुठे बघितलं? खोकल्याची औषधं बघितली," आमचे हे काठी टेकत म्हणाले.

"तुम्हाला कल्पनाशक्ती नाही, त्याला मी काय करू? चला."

आता छत्री, मॉल आणि ग्राबेन यांचा एकमेकांशी काय संबंध, ते सांगते. आम्ही ऑस्ट्रेलियात डार्विनला लेकीकडे राहतो, पाच वर्षं झाली. चारुता इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. या गावात कोणी पायी म्हणून जात नाही. दूध आणायलासुद्धा गाडी काढतात, आणि वेट सीझनमध्ये, म्हणजे इथल्या दमट पावसाळ्यात, त्यांचं काही चुकतं असंही नाही. दार उघडलं की चष्म्यावर वाफ धरते आणि फाटकापर्यंत जाईतो कपडे पाठीला चिकटतात. म्हणून गुडघा बदललेली, बायपास झालेली सगळी मंडळी सकाळी मॉलच्या एसीत फेऱ्या मारतात.

यांचा उजवा गुडघा नोव्हेंबरात बदलला. आणि एप्रिलमध्ये आमची व्हिएन्नाची तिकिटं होती. दहा दिवस, एकच शहर, ना बस ना गाइड. नुसतं चालायचं, गल्ल्यागल्ल्यांतून, चौकाचौकांतून, पाय नेतील तिकडे. चारुताने ऑपरेशननंतर दम भरला होता, "बाबा, तीन किलोमीटर. मध्ये न बसता. फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी मी स्वतः येऊन बघणार. जमलं तर नो वरीज, नाही जमलं तर शुक्रवारी मी बुकिंग कॅन्सल करणार. तिथे सगळीकडे दगडी रस्ते आहेत, आई, रडू नकोस."

मी रडत नव्हते. माझं डोकं फिरलं होतं. सतरा वर्षं वाट बघितली होती मी त्या शहराची.

व्हिएन्ना मी एकदा पाहिलंय म्हणा, चाळीस मिनिटं. पुण्याहून ग्रुप टूरने गेलो होतो, अकरा दिवसांत आठ देश. टूर मॅनेजर राजीव म्हणून एक उत्साही मुलगा होता, हातात भगवा झेंडा, तोंडात सतत घड्याळ. "मंडळी, कॅथीड्रल चाळीस मिनिटं, मग बस, मग इंडियन डिनर!" आणि त्याच्याहून उत्साही आमचे हे. भोसरीच्या कारखान्यात पंचवीस वर्षं प्रॉडक्शन सांभाळलेलं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी बसमध्ये डोकी मोजायचं काम यांनी आपणहून अंगावर घेतलं. प्रत्येक थांब्यानंतर उभे राहून बोट नाचवत मोजायचे. बेचाळीस भरले की चेहऱ्यावर असं समाधान, जणू सगळे यांनीच जन्माला घातलेत.

त्या दिवशी बाकीचे कॅथीड्रलसमोर फोटो काढत होते आणि मी मागच्या बाजूला गेले. तिथे एक गल्ली होती. अरुंद, दगडी, बोळच म्हणा ना. वरच्या खिडकीत कोणीतरी पांढरी चादर झटकत होतं, कुठूनतरी भाजलेल्या पिठाचा वास येत होता. मी चालत राहिले. मला आठवतंय, मी त्या वेळी कोणाची आई नव्हते, कोणाची बायको नव्हते, ग्रुपमधली सतरा नंबरची सीटही नव्हते. एवढा आनंद मला सबंध टूरमध्ये झाला नव्हता. गल्ली वळली तिथे एक कमान होती, आणि कमानीच्या आत अंगण असावं, कारण झाडाची एक फांदी दिसत होती. मी कमानीत एक पाय ठेवला.

"सुनेत्राऽ! अगं काय चाललंय तुझं! बेचाळीस माणसं खोळंबलीत!"

मागे वळून बघते तर गल्लीच्या तोंडाशी हे, घामाघूम, मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटतायत. मी परत फिरले. बसमध्ये चढले तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे सहा दिवस मला 'हरवलेल्या वहिनी' म्हणत होते सगळे, आणि हेही त्यांच्यात हसत होते. त्या रात्रीचा जिरा राइस माझ्या घशाखाली उतरला नाही. ते अंगण काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. पुढे कॉम्प्युटरवर सगळं जग दिसायला लागलं, पण मी ते कधी उघडून बघितलं नाही. बघायचं तर स्वतःच्या पायांनी, असा माझा हट्ट.

तर, मॉल. मॉलची एक फेरी अर्ध्या किलोमीटरची होते, म्हणजे तीन किलोमीटरला सहा. मी चारुताच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला. प्रत्येक फेरी म्हणजे व्हिएन्नाचा एक भाग. पहिली फेरी कॅथीड्रल आणि त्याच्या जवळचा ग्राबेन हा रस्ता. प्लेगच्या साथीची आठवण म्हणून तिथे मोठा खांब आहे, त्याच्या जागी मोबाइल कव्हरं विकणारा स्टॉल. दुसऱ्या फेरीत कोलमार्क्ट, म्हणजे आपली चपलांची दुकानं, आणि पुढे राजवाडा. तिसरीत म्युझियमं. चौथीत नाशमार्क्ट, तो भाजीपाल्याचा बाजार. त्याला फूड कोर्ट अगदी चपखल बसला. पाचवीत डॅन्यूब नदी. आणि सहाव्या फेरीत, सगळ्यात शेवटी, कॅथीड्रलमागची माझी गल्ली. ती म्हणजे केमिस्टच्या शेजारून पार्किंगकडे जाणारा बोळ; त्याच्या टोकाला मी कमान आणि अंगणही काढलं.

"डॅन्यूब कुठाय?" यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"आइस्क्रीमवाल्याचा फ्रीज गळतोय, ती."

हे हसले. पहिले काही दिवस खरंच मजेत गेले. दोन फेऱ्या झाल्या, मग तीन. तिसरी फेरी पूर्ण केली त्या दिवशी मी यांना कॉफी पाजली आणि व्हिएन्नाच्या म्युझियममधल्या कॅफेत बसल्याचं सांगितलं. यांनी कागदी कप वर धरून इतक्या ऐटीत घोट घेतला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वळवून बघितलं.

पण चौथ्या फेरीत गाडं अडलं. नाशमार्क्टच्या मध्यावर मसाज खुर्च्या आहेत, तिथे पोचले की यांचा चेहरा बदलायचा. "जरा बसू?" आणि मी छत्री हलवायची, "बसायचं नाही! अकरा मिनिटं झाली, ही फेरी नऊची आहे." कारण दिवस भराभर सरत होते, आणि मी रोज संध्याकाळी कॅलेंडरवर फुल्या मारत होते. हे बिचारे निमूट चालायचे. घरी येऊन गुडघ्यावर बर्फ ठेवायचे आणि दुपारी मी आडवी झाले की चष्मा लावून आयपॅडवर काहीतरी करत बसायचे. मला वाटायचं, क्रिकेट बघतायत.

शेवटच्या आठवड्यात बुधवारी मराठी मंडळातली चित्रलेखा भेटली, ट्रॉली ढकलत. मी छत्री घेऊन पुढे, हे वीस पावलं मागे. ती खो खो हसत सुटली. "सुनेत्रा, अगं तू अगदी टूर मॅनेजर दिसतेस! उल्हासराव, तुमचा ग्रुप कुठाय?"

"ग्रुप मीच," हे म्हणाले. "सगळे वेळेवर हजर असतात."

मीही हसले. पण ती गेल्यावर छत्री उगाच जड लागायला लागली.

मग तो शेवटचा गुरुवार उजाडला. चारुता शिफ्ट संपवून थेट मॉलमध्ये आली, गळ्यातलं ओळखपत्र तसंच. तिने फोनवर अंतर लावलं. "बाबा, रेडी? घाई करू नका." यांनी काठी तिच्या हातात दिली. मला एवढा अभिमान वाटला, काय सांगू.

पहिली फेरी, दुसरी, तिसरी. मी पुढे, छत्री वर. हे मागून ताठ चालत होते, ओठ आवळून. चौथीत मसाज खुर्च्या आल्या, आणि मी मागे न बघताच म्हटलं, "बसायचं नाही हं." मागून काठीविना पावलांचा आवाज येत होता तो थांबला. वळून बघितलं तर हे खुर्चीत बसलेले. चेहरा पांढरा, हात गुडघ्यावर.

माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली. सतरा वर्षं, सहा आठवडे, आणि अडीच फेऱ्या उरल्या असताना! मी छत्री जमिनीवर आपटली आणि भर फूड कोर्टात ओरडले, "अहो! काय चाललंय तुमचं! उठा! माणसं खोळंबलीत!"

कोण माणसं? चारुता एकटी उभी होती, ती बावचळून माझ्याकडे बघत होती. नूडल्सच्या काउंटरवरची पोरगी बघत होती. आणि हे बघत होते, आधी माझ्याकडे, मग छत्रीकडे. माझंच वाक्य माझ्या कानात घुमलं. कोणाचं वाक्य होतं ते, आम्हा दोघांना बरोबर कळलं. मी मटकन शेजारच्या मसाज खुर्चीत बसले.

"आई, इट्स ओके," चारुता खाली वाकून यांचा गुडघा चाचपत म्हणाली. "सूज आहे. आज दोन किलोमीटरही झाले नाहीत. आय एम सॉरी, पण मी उद्या कॅन्सल करते. पुढच्या वर्षी बघू."

"कर," मी म्हटलं. "माझंच चुकलं. मी यांना माणसासारखं चालू दिलं नाही."

"कॅन्सल कोण करतंय?" हे म्हणाले. "सुनेत्रा, तो नकाशा दे."

मी पर्समधून घडी काढून दिली. यांनी ती मांडीवर पसरली, शर्टाच्या खिशातून पेन काढलं. "सहा आठवडे बघतोय हा नकाशा. खांब आहे, राजवाडा आहे, गळका फ्रीज आहे. बाकं कुठायत?"

"बाकं?"

"बसायची बाकं. तू एकही बाक काढलेलं नाहीस." आणि यांनी खिशातून आणखी एक कागद काढला, आलेखाच्या वहीतला, चार घड्या घातलेला. त्यावर अख्खं व्हिएन्ना होतं, कारखान्याच्या ड्रॉइंगसारखं नीटस, आणि त्यावर लाल पेनाने छोटे छोटे चौकोन. "दुपारी तू झोपलीस की मी आयपॅडवरच्या नकाशात, रस्त्यांच्या फोटोंमधून हिंडायचो. एका गल्लीत उन्हाळा असतो, कोपरा वळला की बर्फ, फोटो वेगवेगळ्या वर्षांचे ना. पण बाकं तीच. प्रत्येक दोन-तीनशे मीटरवर काही ना काही आहे बसायला. चारुता, दोनशे मीटर चालतो की नाही मी?"

चारुताने कागद घेतला. लाल चौकोनांवरून एकेक करून बोट फिरवलं. "दोनशे चालता," ती म्हणाली. "बसून बसून गेलात तर तीन किलोमीटरही होतील."

"आणि हे बघ." यांनी एका चौकोनावर पेन टेकवलं. तो कॅथीड्रलच्या मागे होता. "तुझ्या गल्लीच्या तोंडाशी. मी इथे बसणार. तू आत जा. मी कमानीपर्यंत गेलो होतो आयपॅडवर. त्या अंगणात काय आहे ते मला दिसलं नाही, कॅमेरा आत जात नाही. ते तुलाच बघावं लागेल."

माझ्या तोंडून निघाला तो इतक्या वर्षांच्या सवयीचाच प्रश्न. "किती वेळ?"

यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं. तेच, स्टीलचं, काच ओरखडलेली. माझ्या पर्समध्ये टाकलं आणि चेन लावून घेतली.

"तू येशील तेव्हा ये," हे म्हणाले. "मी त्या दिवशी हाक मारायला नको होती, सुनेत्रा. बसमध्ये हसायलाही नको होतं."

मग मला रडू आलं. अगदी हुंदके देऊन, त्या मसाज खुर्चीत, नूडल्सच्या वासात. यांनी माझा हात घट्ट धरला आणि समोर बघत बसून राहिले, कुठेही जायचं नसल्यासारखे.

"आई, लोक बघतायत," चारुता हळूच म्हणाली.

"बघू देत गं," मी म्हटलं. "त्या दिवशी बेचाळीस जण बघत होते."